गोव्याच्या दमट हवेत झेब्रा हॉवर्थिया: लागवड आणि निगा

गोव्यात रोप लावायचे ते मृगाचा पाऊस पडल्यावर, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि आंबा-फणसापासून अबोलीपर्यंत बहुतेक झाडांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जून महिन्यात मिरची-वांग्याची रोपे घेणारा माणूस त्याच पिशवीत एखादे टुमदार सक्युलंटही, म्हणजे रसाळ पानांचे रोपही, टाकतो, घरी आणून इतर कुंड्यांच्या ओळीत ठेवतो, आणि चतुर्थीची माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची मांडवी) बांधायच्या सुमारास त्या कुंडीत तपकिरी, ओलसर गोळा तेवढा उरलेला असतो. माझे पहिले रोप असेच गेले. पडवीच्या कठड्यावर, पागोळीचे तुषार पोचतील इतक्या अंतरावर मी ते ठेवले होते आणि पावसाचे पाणी झाडाला चांगलेच, या समजुतीने ते भिजताना कौतुकाने पाहत होते.

चूक पाण्याची होती, तशीच वेळापत्रकाचीही होती. पाने आणि खोडात पाणी साठवणाऱ्या या रोपांचे वर्ष आपल्या परसबागेच्या वर्षाच्या नेमके उलट चालते. परसातली झाडे जेव्हा तरारतात तेव्हा यांना जपायचे असते, आणि पाऊस ओसरून परस सुकू लागतो तेव्हा यांचे दिवस सुरू होतात. एवढे ध्यानात ठेवले, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुसंगत वाटू लागतील.

नवख्या माणसाने कोणते रोप घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी निळसर-जांभळी एचेव्हेरिया रोपवाटिकेत कितीही मोहक दिसली, तरी पहिले रोप म्हणून ती घेऊ नये, कारण तिला कडक ऊन, थंड रात्री आणि कोरडी हवा लागते आणि यांपैकी ऊन सोडले तर आपल्याकडे काहीच नाही. त्याऐवजी झेब्रा हॉवर्थिया घ्यावी. गडद हिरव्या, टोकदार पानांवर पांढऱ्या खडबडीत आडव्या पट्ट्या असलेले हे वीतभरही न वाढणारे रोप दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातले आहे. तिथे ते झुडपांच्या आणि खडकांच्या आडोशाला वाढते, म्हणून घरातला मध्यम उजेड त्याला चालतो. कोरफडीचे ते जवळचे नातलग आहे. मात्र कोरफडीसारखा याचा गर औषधाला वापरू नये. घरात मांजर किंवा कुत्रे असेल तर हे रोप त्यांना विषारी नाही, ही एक सोयीची बाब.

नावाच्या घोळाबद्दल थोडेसे. हॉवर्थिया हे नाव एड्रियन हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ १८०९ मध्ये दिले गेले. २०१३ मध्ये या प्रजातीतल्या कडक पानांच्या जाती वेगळ्या काढून त्यांना हॉवर्थिऑप्सिस असे नाव मिळाले, आणि आपले झेब्रा रोप आता त्या गटात मोडते. बाजारात मात्र ते हॉवर्थिया, झेब्रा प्लांट किंवा सरसकट ‘कॅक्टस’ म्हणून विकले जाते. चिठ्ठीवर ‘फॅसिएटा’ लिहिलेले असले तरी पानाचा आतला, म्हणजे वरचा पृष्ठभाग पाहावा. तिथेही पांढरे ठिपके असतील तर ते ‘अटेन्युएटा’ आहे, आणि बहुतेक वेळा तेच असते. निगा दोघांचीही सारखीच.

रोप घेताना

खरेदीचा योग्य काळ दसऱ्यापासून डिसेंबर अखेरपर्यंतचा. या दिवसांत रोप वाढीच्या रंगात असते आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी मुळे धरायला त्याला सहा-सात महिने मिळतात. दुकानात रोप हातात घेऊन प्रथम तळाची पाने दोन बोटांत हलके दाबून पाहावीत. ती घट्ट लागली पाहिजेत. मऊ आणि पाणचट लागली तर कूज सुरू झालेली आहे. मग मधला भाग धरून रोप किंचित हलवावे. ते कुंडीत डुगडुगत असेल, तर मुळे एकतर नाहीत किंवा मेलेली आहेत. शेवटी पानांच्या बेचक्यांत उजेडाकडे धरून नीट पाहावे, कापसाच्या बारीक पुंजक्यासारखे पांढरे काही दिसले तर रोप तिथेच ठेवावे. पानांवर निळा-गुलाबी रंग फासलेली आणि वरचे खडे गोंदाने चिकटवलेली रोपे घेऊच नयेत. रंगामुळे पानाला उजेड मिळत नाही आणि चिकटवलेल्या खड्यांमुळे आतली माती ओली आहे की कोरडी, हे कळायला मार्ग राहत नाही.

घरी आणल्यावर आठवडाभर ते इतर झाडांपासून दूर, उजेडाच्या जागी, पाणी न घालता ठेवावे. एखादी कीड लपलेली असेल तर या दिवसांत दिसून येते.

मिश्रण आणि कुंडी

रोपवाटिकेतले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात लावलेले असते. हरितगृहात, मोजून पाणी देणाऱ्या माणसाच्या हाताखाली ते ठीक असते. आपल्या घरी मात्र ते एकतर दिवसेंदिवस ओले राहते, किंवा एकदा पूर्ण सुकले की पाणी शोषायचेच नाकारते आणि वरून ओतलेले पाणी कडेने निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्यानंतरचे पहिले काम ते काढून टाकण्याचे आहे.

नवे मिश्रण तयार करायला महागड्या वस्तूंची गरज नाही. फुटक्या मंगळुरी कौलांचे किंवा चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे गोणपाटात गुंडाळून हातोड्याने ठेचावेत आणि मुगाच्या दाण्यापासून चवळीच्या दाण्याएवढे तुकडे निवडून घ्यावेत. पिठाच्या जुन्या चाळणीने त्यातली धूळ चाळून टाकणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण हीच धूळ पुढे भिजून तळाशी चिखलासारखी बसते. असा चुरा दोन वाट्या, जाड रेती एक वाटी आणि पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे पालापाचोळ्याचे खत एक वाटी, हे प्रमाण माझ्या अनुभवात गोव्याच्या हवेला मानवते. करवंटीचा कोळसा घरात असेल तर त्याचे मूठभर बारीक तुकडे घालावेत. नसेल तर अडत नाही. परसातली तांबडी माती मात्र चिमूटभरही घालू नये, आणि मऊ जांभा ठेचून वापरण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातला चिकणमातीचा अंश पाण्याने सुटा होऊन सगळ्या फटी बुजवतो.

रेतीबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू खारट असते हे सर्वांनाच ठाऊक आहे, पण मांडवी आणि झुवारी या नद्यांमध्येही भरतीचे खारे पाणी मुखापासून बरेच आत चढते, त्यामुळे नदीची रेती म्हणून मिळालेली रेतीही बादलीत तीन-चार पाण्यांनी धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावी. धुताना पाणी नितळ होईपर्यंत थांबावे.

कुंडी मातीचीच घ्यावी, बिनरंगाची आणि बिनचकाकीची. डिचोलीच्या कुंभारांकडे घडतात तशा साध्या भाजलेल्या कुंडीच्या भिंतींतून ओल बाहेर पडते, आणि दमट हवेत ही मदत फार मोलाची ठरते. मुळांच्या गड्ड्यापेक्षा सर्व बाजूंनी बोटभर जागा राहील एवढीच कुंडी पुरे. सामान्यतः तीन ते चार इंच व्यासाची. रोप वाढेल म्हणून आधीच मोठी कुंडी घेतली, तर मुळे जिथे पोचलेली नाहीत तिथली माती ओली राहून सडते. तळाला छिद्र हवेच. काचेचे वाडगे, चहाचे कप, शंख आणि करवंट्या यांत सक्युलंट लावलेली चित्रे सुंदर दिसतात, परंतु अशा भांड्यात आपल्याकडे रोप एक पावसाळाही निभावत नाही. तळाशी खड्यांचा थर घातला की पाण्याचा निचरा सुधारतो, ही समजूतही सोडून द्यावी. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते आणि ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. छिद्रावर मच्छरदाणीच्या जाळीचा एक तुकडा ठेवला की माती गळत नाही. एवढेच पुरे.

लावण्याची कृती

जुन्या कुंडीतून रोप ओढून काढू नये. प्लॅस्टिकची कुंडी बाजूंनी दाबून, उलटी करून, मुळांसकट गड्डा तळहातावर घ्यावा. कोरडे कोकोपीट बोटांनी चोळत सुटे करावे. ते झडत असताना अनेकदा मुळांच्या अगदी मध्यभागी विणलेल्या कापडाची किंवा जाळीची एक इवलीशी पिशवी सापडते. रोप लहान असताना त्यात वाढवलेले असते आणि विकताना ती कोणी काढत नाही. माझ्या दुसऱ्या रोपाच्या गळ्याशी ती इतकी घट्ट बसली होती, की मुळे तिच्या भोकांतून दोऱ्यासारखी बारीक होऊन बाहेर आली होती आणि आत ओलसर भुशाचा गोळा तसाच होता. नखे कापायच्या कात्रीने ती एका बाजूने चिरून अलगद सोडवावी. दोन-चार मुळे तुटली तरी हरकत नाही.

आता मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट पिवळे, जाडसर आणि भरीव असते. तपकिरी, पोकळ, ओढल्यावर साल निघून आत नुसता धागा राहणारे मूळ मेलेले समजून कापावे, आणि तळाची वाळलेली पाने आडवी ओढून काढावीत. एवढे झाल्यावर रोप वर्तमानपत्रावर, सावलीत, दोन-तीन दिवस तसेच उघडे ठेवावे. परसातले रोप असे उघड्या मुळांनी ठेवले तर ते मरेल, म्हणून नवख्या माणसाचा जीव इथे घाबरा होतो. हे रोप मात्र त्यामुळे वाचते, कारण कापलेल्या जागा सुकून बंद होतात आणि ओल्या मातीतली बुरशी आत शिरत नाही.

लावताना कुंडीत निम्म्यापर्यंत कोरडे मिश्रण भरावे, रोप मध्यभागी धरून मुळे पसरावीत आणि चारी बाजूंनी मिश्रण सोडत कुंडीला बाहेरून टिचक्या माराव्यात, म्हणजे पोकळ जागा भरतात. सर्वांत खालची पाने मातीच्या वर राहिली पाहिजेत. पुरली तर तिथूनच कूज सुरू होते. लावल्यानंतर पहिला आठवडा पाणी अजिबात नको. आठव्या दिवशी पहिले पाणी द्यावे.

उजेड

सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन आणि बाकी दिवस मोकळा उजेड मिळेल अशी पूर्वेची खिडकी सर्वोत्तम. जाड चिऱ्यांच्या भिंती, खाली उतरलेली कौले आणि अंगणात माडांची सावली असलेल्या आपल्या जुन्या घरांत आतला उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून देवघराशेजारच्या कोनाड्यात हे रोप ठेवू नये. उजेड कमी पडला की पाने फिकट, लांबट होऊन उघडी पडतात. जास्त झाला की ती तांबूस-तपकिरी होतात. तांबूसपणा थोडा असेल तर रोप धोक्यात नाही, जरा आत सरकवले की काही आठवड्यांत हिरवेपणा परततो. एप्रिल-मे महिन्यांतले पश्चिमेचे ऊन मात्र थेट पानांवर येऊ देऊ नये, कारण त्याने पडलेले पांढरट डाग पुन्हा जात नाहीत.

पाणी

ही रोपे दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात, जेणेकरून वाळवंटी उन्हात पाणी उडून जाऊ नये. आपल्याकडच्या उबदार, दमट रात्री पानांतून फारसे पाणी जात नाही, आणि म्हणून मुळेही मातीतले पाणी फारसे ओढत नाहीत. आठवड्यातून एकदा पाणी द्या, हा ठोकळेबाज सल्ला गोव्यात रोपाचा जीव घेतो तो यामुळे. वार पाहून पाणी देण्याऐवजी माती पाहून द्यावे. उदबत्ती जळून गेल्यावर उरलेली बांबूची काडी छिद्राजवळ तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. काडी गडद झाली असेल किंवा तिला माती चिकटली असेल तर अजून थांबावे. काडी स्वच्छ कोरडी निघाल्यावरही दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग पाणी द्यावे.

द्यायचे तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नये. कुंडीच्या कडेने, पानांच्या बेचक्यांत न साचेल अशा बेताने, तळाच्या छिद्रातून पाणी वाहू लागेपर्यंत घालावे आणि बशीत जमलेले पाणी लगेच ओतून टाकावे. रोज चमचाभर पाणी देणे हा सर्वांत वाईट प्रकार होय, कारण त्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि खालची मुळे तहानलेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत माझ्याकडे साधारण आठ ते दहा दिवसांनी पाण्याची पाळी येते. मार्चनंतर उकाडा वाढला की रोप वाढ थांबवते, तेव्हा कुंडी लवकर सुकली तरी दहा-बारा दिवसांनी, आणि सूर्य कलल्यावरच मी पाणी देते. किनारपट्टीच्या गावांत विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ लागत असेल, तर नळाचे पाणी वापरावे.

खताचा विषय थोडक्यात सांगता येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात दोन वेळा, कोणतेही संतुलित द्रवखत वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव हिश्श्याएवढेच घेऊन, पातळ करून द्यावे. मासळी धुतलेले पाणी आणि तांदळाचे धुवण आपल्या घरांत माडाला नि कढीपत्त्याला घालतात, ते त्यांना लाभतेही, पण या कुंडीत ते पडले की मुंग्या, दुर्गंध आणि बुरशी यांना आमंत्रण मिळते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. माझ्या सासूबाईंनी मायेपोटी धुवण घातलेले रोप मला पुन्हा उपटून, मुळे धुऊन लावावे लागले होते.

पावसाळ्याचे चार महिने

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, घरात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, भरणी चाललेली असते तेव्हाच, या रोपाचीही व्यवस्था लावावी. शेवटचे भरपूर पाणी त्या सुमारास द्यावे, कुंडी आत घ्यावी आणि खिडकीच्या इतकी जवळ ठेवावी की उजेड पुरेसा मिळेल पण वाऱ्याबरोबर येणारे तुषार पोचणार नाहीत. कुंडी भिंतीला टेकवू नये, बशीही काढून टाकावी आणि खाली दोन पट्ट्या ठेवून ती उचललेली राहील असे करावे, म्हणजे तळातून हवा खेळते. खोलीतला पंखा दिवसातून काही तास मंद गतीने सुरू राहिला, तर रोपावरची ओलसर हवा हलती राहते आणि त्याचा उपयोग कुठल्याही बुरशीनाशकापेक्षा अधिक होतो. ज्यांच्या घरात दिवसाही दिवा लावावा लागतो, त्यांनी साधा पांढरा एलईडी दिवा रोपाच्या फूटभर वर दहा-बारा तास लावून ठेवावा.

पाणी किती द्यावे? जून आणि जुलैत मी देतच नाही. पाने किंचित आत वळून टोके सुकली तरच, ऑगस्टमध्ये एखादे सलग चार दिवस उघडीप मिळाली तर, कपाच्या चौथ्या हिश्श्याएवढे पाणी कडेने घालते. सुरकुतलेले रोप पुन्हा फुगते. कुजलेले परतत नाही, म्हणून या काळात चूक करायचीच असेल तर कोरडेपणाच्या बाजूने करावी.

कूज ओळखण्याची खूण अशी, की तळाचे एखादे पान बुडाशी काचेसारखे अर्धपारदर्शक होते, मग पिवळट-तपकिरी पडते आणि बोट लावताच सुटून येते. असे दिसताच उद्यावर न ढकलता रोप काढावे, मऊ झालेला सर्व भाग तापवून गार केलेल्या धारदार सुरीने कापावा आणि काप स्वच्छ, पांढरट-हिरवा दिसेपर्यंत कापत जावे. जखमेवर हळद किंवा दालचिनीची पूड लावण्याची पद्धत आहे; तिने अपाय होत नाही, परंतु खरे औषध म्हणजे कोरडी हवा. पावसाळ्यात असे रोप आठ-दहा दिवस पंख्याखाली ठेवून काप पूर्ण कडक झाल्यावर कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवून ठेवावे.

पिठ्या ढेकूण ही दुसरी कटकट. पानांच्या बेचक्यांत दिसला तर कानकोरणीच्या कापसाला औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुंजका टिपावा आणि दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार वेळा हे काम पुन्हा करावे, कारण लपलेली अंडी नंतर फुटतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर ढेकूण मुळांशी असण्याचा संभव असतो. अशा वेळी मुळे धुऊन नव्या मिश्रणात लावणे भाग पडते. कडुनिंबाचे तेल चालते, पण ते फवारल्यावर रोप उन्हात ठेवू नये. रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या बुडाशी गोगलगायी शोधण्याचे काम मात्र घरातली मुले आनंदाने करतात, ते त्यांच्याकडेच सोपवावे.

पाऊस सरल्यावर

वर्ष-दोन वर्षांत आईरोपाच्या बुडातून पिल्ले निघतात. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे झाले, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईरोप कुंडीतून काढून, दोघांमधला सांधा हाताने हळूच वाकवून ते वेगळे करावे. त्याला स्वतःची दोन-तीन मुळे असली तर काम सोपे होते, नसली तरी काप सुकवून लावल्यास फुटतात. एचेव्हेरियासारखी सुट्या पानापासून याची रोपे करण्याच्या फंदात सहसा पडू नये, त्यात यश कमी आणि वेळ फार. मधूनच एक लांब, तारेसारखा दांडा येऊन त्यावर बारीक पांढरी फुले लागतात. ती दिसायला बेताचीच असतात, आणि रोप अशक्त असेल तर दांडा लहान असतानाच कापून टाकावा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आकाश निवळून हवा कोरडी वाटू लागली की चार महिने थांबलेले पाणी पुन्हा सुरू करायचे असते, पण लगेच भरपूर नाही. पहिल्या दिवशी अर्धा कप, आठवड्याने पाऊण कप, आणि त्यानंतर काडीची परीक्षा घेऊन नेहमीसारखे. पहिल्या पाण्यानंतर चार-पाच दिवसांनी पाने बोटांत धरून पाहिली, तर ती पुन्हा टणक लागतात आणि मधल्या घेरात फिकट हिरव्या रंगाचे, अजून पट्टे न उमटलेले नवे टोक डोकावू लागलेले दिसते.